हवेची सांगड

ग्वाल्हेरच्या लष्करात, बाड्याजवळच्या दौलतगंजासारख्या जुन्या दाट वस्तीत, नाव विकत घेण्याचा विषय निघावा हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. ज्या शहरातील स्वर्णरेखा नदीचा आज बांधून काढलेला नाला झाला आहे, त्या शहरातील माणसाने नाव ठेवावी कोठे आणि सोडावी तरी कोठे? परंतु हवेने फुगविण्याची कापडी नाव आता घरबसल्या मागविता येते. ती गुंडाळली की मोठ्या होल्डॉलएवढी होते, जिन्याखाली मावते आणि रिक्षात घालून नेता येते. तिघऱ्याचा जलाशय शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, हरसीचा तलाव आणि सिंध नदी याही एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आहेत. गळ टाकून तासन् तास बसणारे हौशी लोक तर या शहरात पूर्वीपासून आहेत. तेव्हा काठावरून जेथवर गळ पोहोचत नाही तेथवर स्वतः जावे, अशी इच्छा एखाद्याच्या मनात उत्पन्न झाली तर तिला दोष देता येणार नाही. प्रश्न एवढाच की, जाहिरातीत जी नाव दाखविलेली असते तिच्याभोवती देवदारांच्या रांगा, निळे थंड पाणी आणि गवताळ काठ असतो. तिघऱ्याचा काठ तसा नाही, सिंधेचा नाही आणि चंबळेचा तर मुळीच नाही. नाव निवडावयाची ती आपल्या पाण्यासाठी, चित्रातील पाण्यासाठी नव्हे, हा मुद्दा ध्यानात ठेवूनच पुढील विचार केला पाहिजे.

हवेवर तरंगण्याची कल्पना मात्र परकी नाही आणि नवीनही नाही. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील असुरी राजाच्या निमरूद येथील प्रासादात जी शिल्पे सापडली, त्यांत फुगविलेल्या कातड्यांवर पोट टेकून नदी पोहणारे सैनिक कोरलेले आहेत. पंजाबातील सतलज आणि बियास या नद्यांवर म्हशीच्या फुगविलेल्या कातड्यावर बसून उतारू पार नेण्याची रीत अगदी अलीकडच्या काळापर्यंत होती. १५३९ साली चौसा येथे शेरखानाकडून पराभूत झालेला हुमायून गंगेत बुडू लागला, तेव्हा त्याला तारले ते निजाम नावाच्या भिस्त्याने आणि त्याच्या फुगविलेल्या मसकेने. त्या उपकाराची फेड म्हणून भिस्त्याला काही काळ सिंहासनावर बसविण्यात आले, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. मसकेची कथा मात्र कोणी पुढे सांगत नाही.

मराठीत या वस्तूसाठी एक सुंदर शब्द आहे, तो म्हणजे सांगड. दोन होड्या, दोन ओंडके किंवा वाळलेल्या भोपळ्यांच्या जुड्या एकमेकींना आडव्या काठ्यांनी बांधून जो तरंगता आधार तयार करावयाचा, तो सांगड. आज आपण ‘विचारांची सांगड घालणे’ एवढ्यापुरताच तो शब्द राखला आहे. इंग्रजीत जिला ‘पाँटून बोट’ म्हणतात, ती नाव म्हणजे तंतोतंत सांगडच होय. हवेने भरलेल्या दोन लांबट नळ्या, त्यांना जोडणारी धातूची चौकट आणि चौकटीवर बसावयाची एक खुर्ची. खाली तळ नाही आणि बाजूला भिंती नाहीत. पाणी आत साचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ‘आत’ असे काही नसतेच. अमेरिकेतील मासेमार पूर्वी मालमोटारीच्या चाकाच्या फुगविलेल्या रबरी नळीत बसून गळ टाकीत, त्यातूनच ही सुधारलेली तऱ्हा पुढे आली. महाराष्ट्रातील व मध्यप्रदेशातील जलाशयांवर आजही गरीब मासेमार तशाच नळीवर बसून जाळी लावताना दिसतात. फरक इतकाच की, अमेरिकेतील माणूस हौसेने नळीत बसला आणि येथील माणूस होडी परवडत नाही म्हणून बसला.

नाव नसली म्हणजे काय होते हे मराठ्यांच्या इतिहासाला चांगले ठाऊक आहे. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवराव भाऊंची फौज यमुनेपर्यंत येऊन पोहोचली आणि दुथडी भरलेल्या नदीने तिला अडविले. गोविंदपंत बुंदेल्यांना नावा गोळा करण्याविषयी ताकिदी गेल्या. नावा वेळेवर जमल्या नाहीत आणि अंतर्वेदीत उतरून अब्दालीला गाठण्याचा बेत राहून गेला. पुढे ऑक्टोबरअखेर अब्दालीनेच बागपताजवळ यमुना ओलांडली. ज्या लष्कराच्या छावणीतून दौलतराव शिंद्यांच्या काळी, १८१० च्या सुमारास, हे शहर उभे राहिले, त्या लष्कराचा नद्यांशी संबंध असा होता.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. बाजारात हवेच्या नावा मुख्यतः तीन प्रकारच्या मिळतात. पहिली लंबगोल नाव, म्हणजे भोवताली फुगीर कडे आणि मध्ये तळ असलेली. दुसरी अरुंद व लांब, वल्ह्याने दोन्ही बाजूंस पाणी मारीत चालविण्याची, जिला कयाक म्हणतात. तिसरी ही सांगड. तिन्हींचे गुण निराळे आहेत. लंबगोल नाव दोघांतिघांना घेते, पण वाऱ्यावर पानासारखी भिरभिरते आणि तिच्या तळात पाणी साचते. कयाक चपळ असते, पण त्यात बसून मोठा मासा ओढणे नवशिक्याचे काम नव्हे. सांगड रुंद असल्यामुळे स्थिर असते, बसण्याची जागा उंच असल्यामुळे गळ लांब फेकता येतो आणि ती वीतभर पाण्यातही चालते, म्हणून उन्हाळ्यात आटलेल्या नदीच्या खडकाळ पात्रातून नेण्यास ती सोयीची. तथापि ती मूलतः एका माणसाची नाव आहे. मुलाबाळांना फिरवून आणण्यासाठी जो घेईल त्याची निराशा होईल, किंवा निराशेहून वाईट काही होईल.

या सांगडीच्या बाबतीत एक गोष्ट विक्रेता कधी सांगत नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय बहुतेक सांगडींत पाण्यात लोंबतात. परदेशी मासेमार तर पायांत रबरी पंख घालून पायांनीच नाव वळवितात, त्यामुळे हात गळासाठी मोकळे राहतात. ज्या नद्यांसाठी ही युक्ती निघाली त्या नद्यांत मगर नाही. चंबळेत आहे, शिवपुरीच्या साख्यसागरात आहे आणि तिघऱ्यातही मगर दिसल्याच्या वार्ता येत असतात. दौलतगंजातील एखाद्या घरात अशा नावेचे चित्र पाहून आजीबाईंनी “अरे, पण पाय कुठे ठेवायचे?” एवढेच विचारले, तर त्या प्रश्नात विक्रेत्याच्या सगळ्या माहितीपत्रकाहून अधिक शहाणपण आहे. आपल्या भागासाठी सांगड घ्यावयाची तर चौकटीला पाय ठेवण्याच्या आडव्या पट्ट्या किंवा मध्ये ताणून बसविण्याचा जाड जाळीचा तळ असलेलीच घ्यावी आणि ती वल्ह्यांनी चालवावी. पायांचे पंख ज्याच्या त्याच्या देशात राहू द्यावेत.

मगरीचा विषय निघालाच आहे, तर कोणत्या पाण्यात नाव घालता येते हेही पाहिले पाहिजे. नावेवर पैसे खर्च करण्यापूर्वी हा विचार व्हावा, परंतु बहुधा तो नंतर होतो. चंबळेचे मोठे पात्र १९७९ पासून राष्ट्रीय चंबळ अभयारण्य म्हणून राखलेले आहे. तेथील सुसरी, कासवे आणि गंगेतील डॉल्फिन यांच्यासाठी तेथे मासेमारीस बंदी आहे, मग ती जाळ्याने असो वा गळाने. साख्यसागर हा माधव राष्ट्रीय उद्यानातील तलाव असून २०२२ साली त्याची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, म्हणजे रामसर यादीत, गणना झाली. तेथेही गळ घेऊन जाता येणार नाही. तिघरा हा ग्वाल्हेर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य साठा. तेथे खाजगी नाव घालण्यापूर्वी संबंधित खात्याची अनुज्ञा काढली पाहिजे आणि तेलावर चालणारे यंत्र नावेला लावण्याचा विचारही मनात आणू नये, कारण त्या तेलाचा तवंग शेवटी आपल्याच घागरीत येतो. जलाशयांतील मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना दिलेला असतो, म्हणून त्यांची संमतीही लागते. याखेरीज मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा काळ माशांच्या विणीचा म्हणून मासेमारीस बंद असतो. इतके सगळे वजा केल्यावर हौशी माणसाला उरते ते सिंध, पार्वती यांसारख्या नद्यांचे अभयारण्याबाहेरील पात्र आणि अनुज्ञेने मिळेल तो जलाशय. हे क्षेत्र थोडे नाही. फक्त ते खडकाळ, काटेरी आणि वाऱ्याचे आहे, आणि नाव त्याच्यासाठी हवी.

नावेच्या खोक्यावर वजनाचा एक आकडा छापलेला असतो. “तिघांची आहे, भाऊसाहेब, बिनधास्त बसा,” असे दुकानदार त्या आकड्याच्या भरवशावर सांगतो. हा आकडा स्वतः पडताळून पाहणे कोणत्याही शाळकरी मुलाला जमण्यासारखे आहे, कारण आर्किमिडीजचा नियम आठव्या-नववीच्या पुस्तकात असतोच. नळीच्या व्यासाच्या निम्म्याचा वर्ग करावा, त्याला ३.१४ ने आणि लांबीने गुणावे, म्हणजे नळीचे घनफळ मिळते. जितके लिटर घनफळ, तितके किलो वजन ती पूर्ण बुडेपर्यंत उचलते. समजा, नळीचा व्यास ३० सेंटिमीटर आणि लांबी २.४ मीटर आहे. घनफळ सुमारे १७० लिटर येते. दोन नळ्यांचे ३४०. टोके निमुळती असतात म्हणून ३०० धरू. पण नळ्या पूर्ण बुडाल्यावर नाव उरत नाही, म्हणून निम्म्या बुडतील इतकाच भार घालावयाचा, म्हणजे दीडशे किलो. चौकट व नळ्या मिळून नावेचे स्वतःचे वजन ३० किलो, माणूस ७० किलो, नांगर, वल्ही, डबा, पाणी आणि सुदैवाने मिळालेला मासा मिळून १५ किलो, म्हणजे एकूण ११५. हिशेब बसतो. आता व्यास ३० ऐवजी २५ सेंटिमीटर घेऊन पाहावे. एका नळीचे घनफळ ११८ लिटरांवर येते, टोकांचे वजा जाता दोन्ही मिळून दोनशेच्या थोडे वर, आणि निम्म्याचा हिशेब शंभरापाशी थांबतो. तोच माणूस आणि तीच शिदोरी घेऊन ही नाव आता हिशेबाबाहेर गेली. पाच सेंटिमीटर म्हणजे जेमतेम तीन बोटे. चित्रात ती तीन बोटे कोणाला दिसतही नाहीत, म्हणून खरेदीला जाताना शिंप्याची मोजपट्टी बरोबर न्यावी.

व्यासानंतर पाहावयाचे ते कप्पे. एका नळीत एकच सलग कप्पा असेल आणि त्यात काटा शिरला, तर ती संपूर्ण बाजू बसते. दुसरी नळी तेवढ्याने बुडत नाही हे खरे, परंतु नाव एका कुशीवर लवंडते आणि माणूस पाण्यात पडतो. म्हणून प्रत्येक नळीत किमान दोन स्वतंत्र कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र झडप असलीच पाहिजे. काही नावांत बाहेर जाड कापडाची खोळ आणि आत हवेची निराळी पिशवी अशी रचना असते, म्हणजे उशीला जसा अभ्रा. ही रचना दुरुस्तीस सोपी, कारण आतील पिशवी काढून बदलता येते. पण बहुधा तिच्या एका नळीत एकच पिशवी असते, हे विसरू नये. झडप घट्ट फिरकीची आणि उलट हवा न सोडणारी असावी. लहान मुलांच्या पोहण्याच्या खेळण्याला असते तसले चिमटीत दाबावयाचे बोंड ज्या नावेला आहे ती नाव खेळणेच समजावी, मग तिचे नाव कितीही सागरी असो. खोक्यावर आयएसओ ६१८५ हा हवेच्या नावांसाठीचा आंतरराष्ट्रीय मानक क्रमांक आहे की नाही तेही पाहावे.

यानंतर कापड. स्वस्त खेळणी नुसत्या प्लॅस्टिकच्या पत्र्याची असतात. खऱ्या नावेत मध्ये विणलेल्या कृत्रिम धाग्याचे मजबूत कापड आणि त्याच्या दोन्ही अंगांना पीव्हीसीचा लेप असतो. याहून महाग नावा हायपलॉन नावाच्या कृत्रिम रबराच्या जातीच्या लेपाच्या असतात. ऊन आणि तेल यांना ती जात पीव्हीसीपेक्षा जास्त दाद देत नाही. सांधे दोन तऱ्हांचे असतात, चिकटविलेले आणि उष्णतेने वितळवून एकजीव केलेले. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या खोलीत त्याहून पुष्कळ वर. अशा उष्म्यात हलक्या प्रतीचे चिकटविलेले सांधे सुटू लागतात. पीव्हीसीच्या नावेत वितळवून जोडलेला सांधा असेल तर तो अधिक टिकतो.

उन्हाचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. सकाळी सहा वाजता, हवा २७ अंश असताना, एखाद्याने नळ्यांत दर चौरस इंचास अडीच पौंड दाबाने हवा भरली. बाहेरील वातावरणाचा दाब १४.७ पौंड धरल्यास नळीतील खरा दाब १७.२ पौंड झाला. दुपारी नाव काठावर उन्हात पडून राहिली आणि काळ्या नळीतील हवा ५७ अंशांवर गेली. निरपेक्ष तपमानाच्या हिशेबाने ३०० चे ३३० अंश, म्हणजे दहांत एक वाढ. १७.२ चे जवळजवळ १८.९ झाले, आणि त्यातून वातावरणाचे १४.७ वजा केले तर मापकावर अडीचाऐवजी चाराच्या वर दाब दिसेल. कापड किंचित ताणते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी भरेल, पण सांध्यावरचा ताण सहा तासांत दीडपटीहून अधिक झाला ही गोष्ट राहतेच. नाव पाण्यात असते तोवर पाणी तिला थंड ठेवते. काठावर ओढली की मारा सुरू होतो. म्हणून शिदोरी खाण्यास बसण्यापूर्वी नाव सावलीत न्यावी, आणि सावली नसेल तर थोडी हवा सोडावी. त्याउलट, काठावर तापलेल्या नावेत टम्म हवा भरून ती थंड पाण्यात लोटली की ती सैल पडते. पुष्कळांना वाटते की नाव कोठेतरी फुटली. फुटलेली नसते, निवलेली असते. दाबमापक नसलेला पंप घेऊ नये तो याचसाठी. पेट्रोल पंपावरच्या चाकाच्या हवेने नाव भरणे तर सरळ आत्मघात होय.

काट्यांविषयी ग्वाल्हेरकरांस सांगावयास नको. बीहडाच्या घळी आणि नद्यांचे काठ देशी बाभूळ, बोर आणि आता सर्वत्र माजलेली विलायती बाभूळ यांनी भरलेले आहेत. नाव फुटते ती बहुधा पाण्यात नव्हे, काठावर फुटते, आणि ते लक्षात येते मध्यावर गेल्यावर. नाव ओढत नेऊ नये, उचलून न्यावी. फुगविण्यापूर्वी खाली जाड ताडपत्री किंवा जुनी सतरंजी घालावी. विकत घेताना नळ्यांच्या खालच्या अंगाला कापडाची जादा पट्टी चढविलेली आहे की नाही हे पाहावे. मासाही काटेरी असू शकतो. शिंगाडा किंवा टेंगडा यांच्या जातीतील मिशाळ माशांच्या बाजूच्या परांना ताठ, करवतीसारखा काटा असतो, आणि तडफडणारा असा मासा नळीवर आपटला तर पातळ कापड सहज भोसकले जाते. मासे ठेवण्यास जाड विणीची पिशवी हवी आणि गळाच्या आकड्यांना बुचाची टोपणे हवीत.

दौलतगंजातील अरुंद गल्ली आणि जुन्या घराचा उभा जिना यांचा विचार करता चौकट सुट्या भागांची असणे भाग आहे. लोखंडी नळ्यांची चौकट स्वस्त व जड असते, रंग खरवडला की गंजते. ॲल्युमिनियमची हलकी असते, पण तिचे खिळे-बोल्ट हरवले की बाजारात त्याच मापाचे सहज सापडत नाहीत. म्हणून सुरुवातीसच प्रत्येकाचे दोन-दोन जास्तीचे घेऊन ठेवावेत. घरी आणलेली नाव ओली गुंडाळणे हा सर्वांत सामान्य अपराध आहे. घडीत राहिलेल्या पाण्याने आठवड्याभरात बुरशी येते. गच्चीवर सावलीत वाळवून, शंखजिऱ्याची पूड भुरभुरून, सैल गुंडाळावी आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवावी. माळ्यावर उघडी ठेवली तर उंदीर एका रात्रीत तिचा निकाल लावतात, आणि उंदराने कुरतडलेल्या घडीला एक भोक नसते, उलगडल्यावर रांगेने दहा निघतात. भोक शोधण्यास सायकलवाल्याची रीत चालते, साबणाचे पाणी लावले की बुडबुडा येतो. पण ठिगळ लावण्यास सायकलवाल्याचे सोल्यूशन चालत नाही. ते रबरासाठी असते आणि पीव्हीसीला धरत नाही. नावेबरोबर तिच्या कापडाचे तुकडे आणि पीव्हीसीसाठीच बनविलेला चिकटा मिळत नसेल, तर ती नाव स्वस्त असूनही महाग आहे.

नाव घरी आली की ती लगेच जलाशयावर नेऊ नये. प्रथम घरातच पूर्ण फुगवून एक अहोरात्र ठेवावी. पहाटेच्या थंडाव्याने किंचित सैल होईल ते स्वाभाविक, पण एखादा कप्पा इतरांपेक्षा अधिक बसला तर ती परत करण्याची हीच वेळ. नंतर कमरेइतक्या पाण्यात, काठावर दुसरा माणूस उभा असताना, मुद्दाम नावेतून पडावे आणि पुन्हा चढून पाहावे. पोहता येणाऱ्यांनाही हे जमत नाही असे दिसून येईल, कारण नळी हातास येते पण अंग वर ओढले जात नाही. चौकटीला पाय घालण्याजोगा दोराचा फास बांधला की जमते. हा फास कोठल्याही नावेबरोबर मिळत नाही आणि त्याला खर्चही येत नाही.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भवसागर तरून नेण्याचे रूपक आहे, त्यात पोटाशी बांधावयाच्या ‘पेटी’चा उल्लेख येतो. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठी माणसास ठाऊक असलेली ही पेटी आज जीवरक्षक जाकीट म्हणून मिळते, आणि तीच वस्तू नावेबरोबर घेण्याचे नेमके टाळले जाते. जाकिटावर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० चा आकडा पोहणाऱ्यासाठी व काठाजवळच्या पाण्यासाठी आहे. ज्याला नीट पोहता येत नाही त्याने १०० किंवा त्याहून मोठा आकडा पाहावा, कारण तसले जाकीट माणसाचे तोंड पाण्याबाहेर राहील अशा तऱ्हेने त्याला उताणे ठेवण्यासाठी बनविलेले असते. जाकीट नावेत ठेवावयाचे नसते, अंगावर बांधावयाचे असते, हे सांगावे लागते याचे कारण अपघातांच्या वार्ताच आहेत.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना सुरक्षित जागी नेणारी नाव भाराने उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला भोपाळच्या खटलापुरा घाटावर गणेशविसर्जनाच्या वेळी नाव उलटून अकरा तरुण बुडाले. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयावर कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्याने नाव उलटली. सहा जण गेले, एक पोहून काठाला लागला. दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात सुगाव येथे, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या आपत्ती दलाची नाव भोवऱ्यात सापडून उलटली आणि तीन जवान मृत्युमुखी पडले. हे जवान शिकविलेले होते. या चार घटनांत नाव कशाची होती हा प्रश्न गौण आहे. दोन ठिकाणी माणसांचा भार, एका ठिकाणी वारा, एका ठिकाणी भोवरा ही कारणे हवेच्या नावेलाही तितकीच लागू आहेत. वारा तर तिला अधिकच. पाण्याखाली तिचे अंग जवळजवळ नसतेच, त्यामुळे तिला पाणी धरून ठेवीत नाही. ग्वाल्हेरकडे मे-जूनात दुपारनंतर आंधी उठते ती दहा मिनिटांत आकाश पिवळे करून टाकते. तिघऱ्यासारख्या उघड्या जलाशयावर अशा वेळी एकट्या वल्हेकऱ्याची सांगड ज्या काठाला वारा नेईल त्याच काठाला लागते. म्हणून त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत पाण्याबाहेर पडण्याचा परिपाठ असावा. जलाशयात उतरताना वाऱ्याच्या दिशेला तोंड करून आधी वल्हवावे, म्हणजे थकल्यावर वाराच परत आणतो. पुष्कळ जण उलट करतात, कारण जाताना ते सोपे वाटते.

धरणाच्या खालच्या अंगास तर नाव घालूच नये. तिघऱ्याचे धरण सांक नदीवर विश्वेश्वरय्यांच्या स्वयंचलित दारांचे म्हणून प्रसिद्ध झाले. १९१७ साली ते फुटले आणि पुढे पुन्हा बांधण्यात आले. आज पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडतात तेव्हा खालच्या गावांना सूचना दिली जाते, पण खडकाआड गळ टाकून बसलेल्या एकट्या माणसापर्यंत ती पोहोचेलच असे नाही. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी वरून पडून उलटे फिरते, त्या फेऱ्यात हवेची नाव बुडत नाही, पण सुटतही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सिंधेला जो पूर आला त्याने दतिया जिल्ह्यातील दगडी-काँक्रीटचे पूल नेले. त्या वेळी माणसे काढण्यासाठी जवानांच्या फुगीर नावा फिरत होत्या हे खरे, पण त्यांना यंत्र होते, मागे दुसरी नाव होती आणि काठावर दोर धरलेली माणसे होती. १९५२ साली अलँ बोंबार या फ्रेंच डॉक्टराने साडेचार मीटरच्या हवेच्या नावेतून ६५ दिवसांत अटलांटिक ओलांडला, ही गोष्टही नावा विकणारे अभिमानाने सांगतात. तो किनाऱ्याला लागला तेव्हा त्याची प्रकृती कशी झाली होती ते सांगत नाहीत.

पोटासाठी मासे धरणाऱ्यांचा विचार निराळा करावयास हवा. त्यांना ही सांगड उपयोगी आहे काय? गळाच्या कामाला आहे, जाळ्याच्या कामाला फारशी नाही. ओले जाळे जड असते, त्यातील शिशाचे मणी आणि माशांचे काटे हवेच्या नळीचे वैरी, आणि दिवसाचा माल ठेवण्यास तळ लागतो. त्यांना लाकडी किंवा फायबरची लहान होडीच योग्य. २०२० पासून चाललेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मासेमारांना होडी व जाळी यांसाठी साहाय्याची तरतूद केलेली आहे, आणि सहकारी संस्थेमार्फत तिची चौकशी करणे हे मालमोटारीच्या नळीवर हिवाळ्यातील रात्र काढण्यापेक्षा निश्चित बरे. जोवर होडी मिळत नाही तोवर त्या नळीवर बसणाऱ्याच्या अंगाला निदान जाकीट असावे, आणि हौशी माणसाने आपल्या दुसऱ्या सुंदर गळाऐवजी एखादे जाकीट अशा शेजाऱ्यास दिले तर तिघऱ्याच्या काठावर त्याला माशांच्या जागा कोणी लपवून ठेवणार नाही.

खरेदीला उत्तम काळ पावसाळा संपल्यावरचा. बंदीचा काळ १५ ऑगस्टला संपत असला तरी त्या वेळी नद्या गढूळ व ओढाळ असतात. कार्तिकात पाणी निवळते, वारा पडतो आणि उन्हाचा ताप उतरतो. नव्या नावेची पहिली फेरी तेव्हा करावी. पौषात मात्र या बाजूला दाट धुके पडते आणि पहाटे दहा हातांवरचा काठ दिसत नाही. अशा दिवशी सूर्य वर येऊन समोरची झाडे मोजता येईपर्यंत नाव फुगवून काठावरच ठेवावी, आणि तोवर पुन्हा एकदा झडपा पाहून घ्याव्यात.